शेवटच्या सामन्याआधी हरवलेली गोलकीपर

ती घटना विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. मी तेव्हा शिरूर कासारला ठाणेदार होतो. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं कारखान्यांवरून गावाकडे परतू लागली होती. असाच नुकता परतलेला एक मजूर सकाळी ठाण्यात आला. सोबत त्याचा मेव्हणा.

मजुराची विशीतली मुलगी देशातल्या महिलांच्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये गोलकीपर होती. दोन सामन्यांच्या मध्ये सुट्टी मिळाली म्हणून ती घरी निघाली. बीडला उतरल्याचा तिचा फोन आला, आणि त्यानंतर फोन बंद.

"त्या कोच मॅडमनंच पळवली," मेव्हणा टेबलावर हात आपटत म्हणाला. "दिवाळीपासून ती मामाशी, माझ्याशी, एक शब्द बोलली न्हाई. लई शेफारून ठेवली पोर."

बाप एवढंच विचारत होता, "सापडंल ना, साहेब?"

ठाणे अंमलदाराने मिसिंग, म्हणजे माणूस हरवल्याची तक्रार, दाखल करून घेतली. मी कोचबाईंना फोन लावला. त्या हादरल्याच. "साहेब, आमचा संघ तळाशी आहे. शेवटचा सामना हरलो तर लीगमधून बाहेर पडू. अशा वेळी ती सामना सोडून जाणारी मुलगी नाही."

फोनचं शेवटचं लोकेशन बीड बसस्थानकाचं होतं. तिथल्या एका रसवंतीवाल्याचा आम्हाला पूर्वीही उपयोग झाला होता. फोटो पाहून त्याने लगेच सांगितलं, "हीच की. एक वयस्कर माणूस पांढरी जीप घेऊन आलता. पोरगी त्याच्या पाया पडली अन् जीपमध्ये बसली."

पाया पडली म्हणजे माणूस घरचाच. पळवून नेणाऱ्या परक्याच्या कुणी पाया पडत नाही. मी बापाला आणि मेव्हण्याला पुन्हा ठाण्यात बोलावलं. रसवंतीवाल्याने सांगितलेलं काही बोललो नाही. चहा मागवला आणि मुलीच्या खेळाबद्दलच बोलत बसलो.

"तिच्यावाचून संघाचं अवघड आहे म्हणे," मी म्हणालो.

"कसलं अवघड?" मेव्हणा हसला. "करंगळीला पट्टी बांधलेली पोर काय गोल अडवणार?"

बापाने कप खाली ठेवला. "करंगळीला काय झालं तिच्या?"

मेव्हणा चहा संपवायच्या घाईला लागला. मी शेजारच्या खोलीत जाऊन कोचबाईंना फोनवर विचारलं. निघायच्या आदल्या दिवशी सरावात करंगळी दुखावली होती आणि घरचे घाबरतील म्हणून मुलीने ते कळवलं नव्हतं. मग दिवाळीपासून जिच्याशी बोलणं नाही, तिची पट्टी मामाला कुठे दिसली?

हा प्रश्न मी त्याला एकट्याला बसवून विचारला. आधी तो चिडला, मग पुढाऱ्यांची नावं घेऊ लागला. मी तोच प्रश्न शांतपणे विचारत राहिलो. शेवटी त्याने मान खाली घातली. एका बड्या जमीनदार घराशी तो भाचीची सोयरीक परस्पर जुळवत होता. भाची सरळ तयार होणार नाही म्हणून, "तुझ्या बापाला अपघात झालाय," असं सांगून त्याने तिला धर्मापुरीजवळ आपल्या सासुरवाडीच्या शेतवस्तीवर नेलं आणि फोन काढून घेतला. लग्न उरकल्यावर बापाला कळवायचं, असा बेत होता.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आम्ही पोचलो, तेव्हा दाराला बाहेरून कडी होती. महिला हवालदाराने दार उघडलं. मुलीचे डोळे रडून सुजले होते. तिचा पहिला प्रश्न होता, "आप्पा कसे हायेत?" बाप माझ्या मागून पुढे झाला. त्याला धडधाकट बघून ती त्याला बिलगली. मग डोळे पुसून म्हणाली, "सामना झाला का हो, साहेब?"

झाला नव्हता.

ठाण्यात नातेवाइकांची गर्दी जमली. घरातलं भांडण आहे, मिटवून टाका, असा आग्रह सुरू झाला. मुलीची आईही भावासाठी हात जोडू लागली. मुलगी म्हणाली, "आई, मामा म्हणून सोडलं तर उद्या मामाच्या पोरीला कुणी असंच नेईल." आई रडत राहिली, पण तिचे हात खाली आले. बाप मला म्हणाला, "साहेब, पोर सांगतीय तसंच लिवा." जबाब नोंदवला, गुन्हा दाखल केला आणि मुलीला न्यायला आलेल्या कोचबाईंबरोबर पाठवलं.

शेवटचा सामना मी मुलीच्या घरच्या वस्तीवर जाऊन पाहिला. एका मोबाईलभोवती सगळी आळी जमली होती. करंगळी बांधलेली ती पोर चेंडूवर अशी झेपावत होती की बायका दर वेळी "अगं बाई!" म्हणत होत्या. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. तेवढ्या एका गुणावर संघ लीगमध्ये टिकला आणि मैदानातल्या मुली नाचू लागल्या.

बाप गोंधळून माझ्याकडे वळला. "गोल तर झालाच न्हाई, साहेब. मग नाचतेत कावून?"

"तुमच्या लेकीनं होऊ दिला नाही, म्हणून."

तो आधी हसला, मग टोपीने डोळे पुसू लागला.

मिसिंगची नोंद घेताना आम्ही उंची विचारतो, रंग विचारतो, अंगावरचे कपडे विचारतो. त्या प्रकरणानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक वेळी आणखी एक गोष्ट विचारत आलो: या माणसाला पुढे कुठे पोचायचं होतं? कारण हरवलेलं माणूस नुसतं घरी आणून सोडलं म्हणजे तपास पुरा होत नाही. त्याची अडलेली वाट मोकळी झाली, तरच तो पुरा होतो.