पाठीवरची पिसं

वन्संच्या पोल्ट्रीत मी जरा नाक मुरडूनच गेले होते. कोंबडा पलीकडच्या पिंजऱ्यात, आणि त्याचं बीज नळीने कोंबडीच्या पोटात. ऐकूनच कसंसं झालं होतं.

वन्संनी आधी तळवे एकमेकांवर घासून ऊन केले.

"गार हात लागला की दचकते गं ती," त्या म्हणाल्या.

मग कोंबडीला काखेत धरून शेपटीखाली नळी लावली आणि लगेच खाली सोडलं. तिनं अंग झाडलं आणि सरळ दाण्यांकडे गेली.

तेव्हा मला तिची पाठ दिसली. सगळी पिसं जागच्या जागी. माहेरी आमच्या कोंबड्यांच्या पाठी, कोंबडा वर चढला की त्याच्या नखांनी सोलवटलेल्या असायच्या. निसर्गच तो, म्हणून आम्ही मोकळे व्हायचो.

पिंजऱ्यातला कोंबडा आरवला. त्याच्याबद्दल मनात थोडं खुपत राहिलंच. पण कोंबडीनं मानसुद्धा वर केली नाही, दाणे टिपत राहिली.

कोंबडीला तेव्हा माहेरीही कुणी विचारत नव्हतं, आता इथेही विचारत नाही. आता हात तेवढे ऊन करून लावतात.