गच्चीवरची चौकट

मी परदेशी निघाले तेव्हा रिक्षा फाटकाशी उभी होती आणि अण्णा, माझे वडील, गच्चीवर होते. लेक चाललीय आणि हा माणूस वर काय करतोय, म्हणून आई चिडली होती. तेवढ्यात अण्णा वरून ओरडले, "चौकटीला हात लावून जा की!" बॅगा रिक्षात टाकून मी वर पळाले.

जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीत ती चौकट सगळ्यांना ठाऊक होती. अण्णा मूळचे वैरागकडचे, शेतकऱ्याघरचे. नोकरीच्या शेवटी त्यांनी हे घर बांधलं. वरचा मजला माझ्यासाठी होता, पण बांधकाम खालीच अडलं. मुहूर्त मात्र चांगला होता. म्हणून वर भिंती नसतानाच त्यांनी माझ्या खोलीची सागवानी चौकट गच्चीवर उभी केली, हळदकुंकू वाहून तिची पूजा केली. पुढच्या खांबांसाठी स्लॅबमधून सळया वर काढून ठेवल्या आणि त्यांच्यावर प्लास्टिकच्या बाटल्या उपड्या घातल्या. शेजारी थट्टा करायचे, "लेक काय राहणार हाय व्हय वर?" अण्णा म्हणायचे, "तिला यायला दार नको का?"

टोरांटोला आर्किटेक्चरच्या वर्गात पोस्टमॉडर्न शैलीची चित्रं दाखवली गेली. काहीच न पेलणारे जाडजूड खांब, दारावर मधोमध तुटलेला त्रिकोण, भिंतीशिवाय उभं असलेलं नुसतं दार. वर्ग हसला. मी हसले नाही, कारण ते आमचं घर होतं. आमच्या दर्शनी बाजूलाही दोन गुलाबी खांब उगीचच उभे आहेत, आणि वर रोमन त्रिकोणात सिमेंटचं कमळ. त्यानंतर मला ते जिथे तिथे दिसू लागलं. बँक, मॉल, दातांचा दवाखाना. माझ्यासारखे जे कोणी बाहेर पडले, त्यांच्यापैकी कुणाच्या मागे भाकरीचा वास लागला असेल, कुणाच्या मागे एखादं गाणं. माझ्या मागे इमारती लागल्या. एखाद्या कमानीत अण्णा उभे असतील असं वाटून मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जायची. प्राध्यापक म्हणायचे, ही शैली जुन्या वास्तुकलेची गंमत करते. अण्णांनी काही गंमत केली नव्हती.

अण्णा गेले आणि आई फोनवर सांगू लागली, "दुपारचं वर पाणी मारत्यात ते. आवाज येतोय." नवा स्लॅब पक्का व्हावा म्हणून त्याला पाणी मारतात, हा तर जुना झाला होता. पाइप गळत असेल, असं मी म्हणायची. पण फोन ठेवल्यावर माझ्याही कानात ते पाणी वाजत राहायचं. मला भीती वाटायची, खरंच वाटायची.

यंदा आईच्या पलंगावर छताचं प्लास्टर कोसळलं. ती स्वयंपाकघरात होती म्हणून वाचली. मी धावत आले. सळयांचा गंज आत उतरला होता, चौकटीच्या बुडाशी पाणी मुरत होतं. सळया कापायच्या, चौकट काढायची, वरून वॉटरप्रूफिंग करायचं. दुसरा इलाज नव्हता. नाहीतर पुढच्या पावसात स्लॅब आईच्या अंगावर आला असता.

आई ऐकेना. कपडे वाळत घालायला गेली तरी चारी बाजू मोकळ्या सोडून ती त्या चौकटीतूनच पलीकडे जायची. शेजाऱ्यांनी समजावलं, मी शिकलेलं सगळं सांगून पाहिलं. शेवटी ओल्या कपड्यांची बादली खाली ठेवून ती म्हणाली, "तू ऱ्हायला येणार हायेस का न्हाईस, तेवढं सांग. येणार असशील तर मी हात लावू देणार न्हाई."

खोटं बोलले असते तर ती त्याच छताखाली झोपली असती.

"न्हाई, आई," मी म्हणाले.

तिने बादली उचलली. मग म्हणाली, "मग काप."

दुपारी ग्राइंडर आला. सळया कापल्या, चौकट आडवी केली. वाळवीने बूड पोखरलं होतं, तरी आईने तिच्यावर हात फिरवला. "आता ते कुटनं येतील?" तिने विचारलं.

घर कुठं, असं कुणी विचारलं की मी अजूनही सोलापूर सांगते. खोटं वाटत नाही, पण आता जीभ जरा अडखळते. त्या संध्याकाळी आईने चहा केला. स्वतःला रोजच्या स्टीलच्या पेल्यात ओतला, आणि माझ्यासाठी काचेच्या कपाटातून पाहुण्यांचा कप काढला.