फेस नसलेला चहा

माझ्या धाकट्या बहिणीनं, बतूलनं, आपला कॅन्सर माझ्या नावावर खपवला. आमच्या सफ्रू गावात तो शब्द कुणी उच्चारत नाही. 'तो वाईट आजार' म्हणतात आणि लगोलग 'अल्ला दूर ठेवो' म्हणतात. उपचारांसाठी ती राजधानीत, राबातला, माझ्याकडे येऊन राहिली आणि निघताना शेजारणींना सांगून आली, "आमच्या यामनाला ते झालंय, तिचं करायला चाललेय." मी ठणठणीत! गेल्या ईदला सफ्रूला गेले, तर बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या. एकीनं तर मधाची बरणी दिली. ती मी घेतली.

बतूलचा उजवा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो झाली. शेवटी डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "झालं, आता मजेत जगा." नेमकं तेच तिला जमेना. उपचार चालू होते तोवर ती खमकी होती; ते संपले, ती सफ्रूला परतली आणि भीती सुरू झाली. खोकला आला की आजार छातीत पोचला, पाठ भरून आली की हाडांत उतरला. फोनवर बोलता बोलता मध्येच गप्प झाली, की मी ओळखायचे, बाईसाहेबांची बोटं काखेत चाचपताहेत.

"काढ तो हात!"

"तुला कसं कळलं गं?"

"मीच ना पेशंट!"

ती हसायची, पण हात काढायची नाही. हम्मामला, बायकांच्या सामायिक न्हाणीघरात, जाणंही तिनं सोडलं. घरीच बादलीत अंघोळ. शेजारणी म्हणाल्या, राबातला राहून शेफारलीय.

अशात तिच्या लेकीला, निस्रीनला, मागणी आली. मुलाची आई, लाल्ला रकिया, दोन जावांना घेऊन आली. मीही होते. बतूलनं चहा ओतला. आमच्याकडे किटली चांगली खांद्यापर्यंत उचलून धार सोडायची, पेल्यात फेस आला पाहिजे. फेस नाही म्हणजे पाहुणा नकोसा झालाय. बतूलचा उजवा हात ऑपरेशनपासून काही केल्या तितका वर जात नाही आणि डाव्याला सवय नाही. तिनं किटली पेल्याला टेकवूनच चहा ओतला. लाल्ला रकियानं पेल्यात पाहिलं, बतूलकडे पाहिलं, एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

पाहुणे गेल्यावर बतूलनं माझं मनगट धरलं. "तिला कळलं असेल?"

"काय कळणार? तू अपमान केलास एवढं कळलं असेल."

"अपमान चालेल. ते कळलं तर म्हणेल, आईचं मुलीत उतरतं. लग्न मोडेल."

"आणि मावशीचं नाही का उतरत? माझ्यावर ढकलताना बरं सुचलं नाही!"

तिचा चेहरा उतरला. "यामना, खरंच उतरत असेल तर?"

तिला खरी भीती लग्नाची नव्हतीच, हे मला तेव्हा कळलं.

लग्न मोडलं नाही, पण नवरीच्या अंघोळीचा दिवस आला. त्या दिवशी हम्माममध्ये दोन्हीकडच्या बायका जमतात आणि नवरीच्या डोक्यावर पहिलं पाणी आईच्या हातचं पडतं. आई आली नाही तर मुलीवर नाराज आहे असं होतं.

"तूच ओत ना," बतूल म्हणाली. "मला ताप आलाय सांग."

"पोरीच्या लग्नात आईला ताप येतो होय? चल गुमान."

ती आली, पण अंगात घोट्यापर्यंत सुती झगा. मेणबत्त्या लागल्या, बायकांनी जिभा नाचवत आनंदाची हुलहुली केली. मी कपडे उतरवले आणि साऱ्या नजरा माझ्या छातीकडे वळल्या. माझे दोन्ही जागच्या जागी, वयाप्रमाणे जरा खाली. कुजबुज झाली, मग तीही थांबली. नजरा हळूहळू माझ्यावरून झग्यातल्या बतूलकडे सरकल्या.

निस्रीन मधोमध पाटावर बसली होती. तिला सारं ठाऊक होतं. "आई," ती म्हणाली, "पाणी गार होतंय गं."

बतूलनं डाव्या हातानं बादली उचलली. ती हिंदकळली, झगा भिजून अंगाला चिकटला. एका बाजूनं सपाट. मागून कुणीतरी पुटपुटलं, "अल्ला दूर ठेवो."

लाल्ला रकिया उठली. भारी अंगाची बाई, सावकाश आली आणि बादलीखाली हात घातला. "उजव्यावर जोर देऊ नका. मी धरते."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" बतूलनं विचारलं.

"तुमच्या चहानं. घरी जाऊन धुसफुसले, या बाईला मी नको झालेय म्हणून. मग आठवलं, माझी आईही शेवटी असाच बिनफेसाचा ओतायची. आम्ही पोरी तिला आळशी म्हणायचो."

"त्या आता...?"

"गेली. कुणाला दाखवलंच नाही तिनं."

दोघींनी मिळून निस्रीनच्या डोक्यावर पाणी ओतलं. निस्रीन रडत होती की पाणीच होतं, ते कळेना. लाल्ला रकिया तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "हिला दरवर्षी तपासायला न्यायचं. माझ्या घरी आली म्हणून सुटका नाही. मी नेईन."

बतूलची बोटं आपसूक काखेकडे गेली.

"काढा तो हात," लाल्ला रकिया म्हणाली. मी तर तोंड उघडलंही नव्हतं! तिनं अंग घासायचा खरखरीत हातमोजा बतूलपुढे धरला आणि तिच्याकडे पाठ करून बसली. "माझी पाठ घासा. डाव्यानं घासा, सवय होईल. आणि लवकर आटपा, ही वाफ तुमच्या त्या हाताला बरी नाही, सुजेल."

बतूलनं माझ्याकडे पाहिलं. मग ओला झगा डोक्यावरून काढला, बाजूला टाकला आणि डाव्या हातात मोजा चढवला.