ओट्यावरचा व्हॉल्व्ह

दुसरं महायुद्ध सुरू होतं म्हणून मला काम मिळालं. आमच्याकडच्या वीज कंपनीतले तरुण फिटर पलटणीच्या कारखान्यांत भरती झाले होते, आणि अमरावतीच्या पॉवर हाउसमध्ये शिकाऊ उमेदवार मिळत नव्हते. वडील कंपनीचे वकील. त्यांनी माझं नाव कंपनीच्या इंग्रज साहेबांपुढे काढलं ते अर्ध्या गमतीनं. मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, गणित आणि ड्रॉइंग बरं असलेली, कॉलेजात इंटर सायन्सला असलेली मुलगी घरात आहे, एवढंच ते म्हणाले. साहेबांनी ते गमतीत घेतलं नाही. वर्षभर पाहू म्हणाले, पण एक अट घातली. वर्षाच्या शेवटी तिथल्या मिस्त्रीनं 'हिला ठेवा' म्हटलं तरच ठेवायचं. माणसांना जी नको ती इंजिनापाशी नको, असं त्यांचं म्हणणं.

सकाळी कॉलेज आणि दुपारी पॉवर हाउस असा माझा दिवस होता. दोन्हीकडे मला लाज वाटायची, आणि दोन्हीकडची लाज वेगळी होती. कॉलेजात मी हात बाकाखाली ठेवून बसायची. नखांतलं काळं सोडा लावूनही निघत नसे. वेणीला क्रूड तेलाचा वास यायचा, तो मला स्वतःला येत नसे, पण शेजारची मुलगी पदर नाकाशी धरायची तेव्हा कळायचं. पॉवर हाउसमध्ये मला माझ्या बोलण्याची लाज वाटायची. माझं मराठी घरात ऐकलेलं आणि पुस्तकात वाचलेलं. पहिल्याच आठवड्यात मी एका फिटरला म्हणाले, "कृपया मला तो पाना द्या." त्यानंतर कितीतरी दिवस तिथं जो तो कृपया चहा मागत होता आणि कृपया बिडी देत होता. इंजिनाला तेल घालणारा, चांदूर रेल्वे गावचा एक तेलवाला होता, सगळ्यांत चावट. तो मला मडम म्हणायचा.

"मडम, इंजिनाले इंग्रजी समजते का वो?"

मी हसायची. न हसता काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

मिस्त्री मात्र हसत नसे. तो नांदगाव खंडेश्वरकडच्या शेतकरी घरातला, पन्नाशीचा, जाड मिशांचा माणूस. मला 'बाई' म्हणायचा, काम दाखवायचा, आणि ते झालं की बोटानं चाचपून बघायचा. चांगलं झालं तर काही न बोलता पुढचं काम द्यायचा. चुकलं तरी काही बोलत नसे, तेच काम पुन्हा समोर ठेवायचा.

घरी आई मला दर महिन्याला तीन दिवस बाजूला बसवायची. आमच्या घरात ते कडक होतं. वेगळं पान, वेगळं अंथरूण, कुणाला शिवायचं नाही. शाळेच्या वसतिगृहात यातलं काही नव्हतं. तिथं शिकवणाऱ्या मेमला 'आय ॲम अनवेल' म्हटलं की खेळाच्या तासाला सुट्टी मिळायची, बाकी दिवस नेहमीसारखा. त्यामुळे मी दोन पद्धतींत वाढले, आणि त्यातली कुठली माझी, हे मला कधी ठरवावं लागलं नव्हतं. कॉलेजला आणि कामाला त्या दिवसांत जायला आईची हरकत नव्हती. मात्र ती दर वेळी बजावायची, "तिथं सांगून ठेव. मशीन म्हणजे त्या लोकांचं दैवत असतं." मी हो म्हणायची. सांगायचं कुणाला? आणि कुठल्या शब्दांत? आईचा शब्द पुरुषांपुढे काढता येत नव्हता आणि मेमचा त्यांना कळणार नव्हता. तसं अडलंही नाही. वर्षभर मी बहुतेक मीटर तपासायच्या खोलीत होते, आणि मीटरला कुणी देव मानत नसे.

दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याच्या पॉवर हाउसमधलं मोठं इंजिन उघडायचं ठरलं. दोन्ही गावांच्या दुरुस्तीला माणसं तीच असत, तेव्हा आमची मंडळी बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेली. मला मिशनच्या बंगल्यात माझ्या जुन्या शिक्षिकांकडे उतरवलं. वर्ष संपत आलं होतं. इंजिन उघडायच्या दिवशी साहेब येणार होते, माझं काम बघणार होते आणि मिस्त्रीला विचारणार होते. मला व्हॉल्व्ह घासायचा होता. व्हॉल्व्ह म्हणजे हवेची झडप, ती आपल्या बैठकीवर नीट बसली नाही तर इंजिनाचा दम जातो. म्हणून घासायचा खरखरीत मसाला लावून तो बैठकीवर फिरवत फिरवत घासतात, दोन्हीकडे सारखं करडं कडं उमटेपर्यंत. शेवटी त्यावर रॉकेल ओतायचं. झिरपलं नाही तर काम झालं. सुटे भाग विलायतेहून येणं बंद झालं होतं, त्यामुळे व्हॉल्व्ह बिघडवून चालणार नव्हतं.

त्या दिवशी सकाळी पॉवर हाउसला पोचल्यावर मला कळलं की माझे दिवस लवकर आलेत. जवळ काही नव्हतं. मागच्या अंगणात एक बाई तेलकट फडकी सोड्याच्या पाण्यात उकळून धुवायची आणि दोरीवर वाळत घालायची. इंजिन पुसायला तीच फडकी पुन्हा वापरत. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "दोन फडकी घेऊ का?" तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग दोरीवरची न देता खालच्या गठ्ठ्यातून जुन्या धोतराची, मऊ अशी निवडून दिली. काही विचारलं नाही. मला वाटलं, सुटले.

आत गेले तर इंजिनासमोर सगळे उभे होते. जमिनीवर पाणी शिंपडलेलं, नारळ, उदबत्ती, झेंडूची माळ. दुसरं इंजिन गावासाठी सुरू होतं, त्याच्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागत होतं. मिस्त्री कुंकवाची थाळी घेऊन माझ्याकडे आला.

"या बाई. आपल्यात जो सगळ्यात नवा, त्याच्या हातचं कुंकू लागल्याबिगर इंजिन उघडत नाही. औंदा तुमचा मान हाये."

हा रिवाज मला कुणी सांगितला नव्हता. थाळी माझ्या हातांपाशी आली आणि मी हात मागे घेतले.

"मला नाही जमणार," मी म्हणाले.

"त्यात काय जमायचं? बोट बुडवा अन् लावा."

"नको. दुसऱ्या कुणीतरी लावा."

मिस्त्रीचा चेहरा बदलताना मला दिसला. तो रागावला नाही, फक्त थाळी थोडी स्वतःकडे घेतली. बोलला तो तेलवाला, आणि या वेळी चावटपणे नाही.

"काहून जी? आमच्या थाळीतलं कुंकू चालत नाही का तुमाले?"

"तसं नाही."

"मंग कसं? वरीसभर आमच्यासंग चहा पेल्या, तो बी वरून ओतून. आमाले का दिसत नाही?"

चहा मी वरून प्यायची, ते खरं होतं. सगळ्यांत एकच पेला फिरायचा आणि तो उष्टा करायचा नाही, असं मला वाटायचं. त्यांना ते असं दिसलं असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला काहीतरी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मला कळत होतं की हे असंच राहिलं तर संध्याकाळी साहेब विचारतील तेव्हा मिस्त्री 'नको' म्हणेल, आणि त्याचं काही चुकणार नाही. तरी मी गप्प राहिले. त्यांनी मला शिष्ट समजलेलं मला चालत होतं. खरं कळलेलं चालत नव्हतं.

फडकीवाली दारात उभी होती. घमेल्यात ओली फडकी घेऊन ती कधी आली ते मी पाहिलं नाही. इंजिनाच्या आवाजावर आवाज काढून ती ओरडली.

"काहून तरास देऊन राहिले रे पोरीले? बाहेरची हाये ते! हात लावंल का देवाले?"

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. एकजण माळेचं फूल सरळ करू लागला. तेलवाल्यानं मान खाली घालून पायानं जमीन उकरली. शरमेनं माझे कान असे तापले की ते सगळ्यांना दिसत असणार. माझ्या अंगाचं जे मी आईखेरीज कुणाशी बोलले नव्हते, ते आता फिटर, हमाल, पहारेकरी सगळ्यांना ठाऊक होतं.

मिस्त्री दोन पावलं मागे सरला.

"असं होय," तो हळूच म्हणाला. "मंग तसं सांगाचं ना बाई. आमच्या बी घरी पोरी हायेत."

कुंकू तेलवाल्यानं लावलं. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. काही वेळानं मिस्त्रीनं खोबऱ्याचा तुकडा कागदावर ठेवून माझ्यापासून हातभर लांब सरकवला. मी तो उचलून खाल्ला.

साहेब आले ते दुपारी. मी ओट्यावर बसलेली पाहून थांबले.

"ही आत का नाही?" त्यांनी मिस्त्रीला हिंदीत विचारलं.

"उपास है, साहेब. चक्कर आता है."

साहेब माझ्याकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, खरंच का? इंग्रजी ही माझी भाषा होती. तिच्यात 'अनवेल' हा साधा, शाळेतला शब्द मला येत होता, आणि तिथं तो फक्त आम्हा दोघांनाच कळला असता. मी म्हणाले, होय सर, उपास आहे. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग आज परीक्षा कशी व्हायची, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले.

मिस्त्री आत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात व्हॉल्व्ह होता, बैठकीसकट काढलेला. इंजिन अजून झेंडूच्या माळेत होतं. त्यानं तो माझ्या हातात दिला नाही. ओट्यावर माझ्यासमोर ठेवला, शेजारी मसाल्याची डबी आणि रॉकेलची बाटली ठेवली, आणि मला मराठीत म्हणाला, "इंजिनात होता तवर देव. आता सुटा निघाला, आता नुसतं लोखंड हाये. घासा."

हे त्यानं आधीपासून मानलेलं होतं की आत जाऊन येईपर्यंत ठरवलं, ते मला आजही माहीत नाही.

मी घासायला बसले. साहेब खुर्ची मागवून थोडा वेळ समोर बसले, मग आत गेले, मग परत आले. आतली माणसं काही ना काही कारण काढून दारापर्यंत येत आणि परत जात. हात चालत होते. उचल, थोडा फिरव, टेकव, घास. डोकं मात्र त्या दारातून कोण येतं जातं तिकडे होतं. माझ्या कामाकडे बघतात की माझ्याकडे, हे मला पाठमोरी बसूनही मोजावंसं वाटत होतं. कडं उमटलं तेव्हा ऊन ओट्यावरून उतरलं होतं. मी रॉकेल ओतलं. साहेब वाकून बघत राहिले. रॉकेल जागचं हललं नाही.

मिस्त्रीनं व्हॉल्व्ह उचलला नाही. आधी त्यावर पाणी शिंपडलं, मग उचलून बोट फिरवलं.

"इसको रखना है?" साहेबांनी विचारलं.

"रखो," मिस्त्री म्हणाला.

मी राहिले. पण त्याचबरोबर एक व्यवस्था सुरू झाली, ती मी मागितली नव्हती. अमरावतीला परतल्यावर मला इंजिनाच्या कामावर घेतलं, आणि दर महिन्याला मिस्त्री एके सकाळी सुटे भाग ओट्यावर मांडून ठेवायचा. "आजपासून तुमचं काम इथं," असं दुसरीकडे बघत म्हणायचा. तो अकोल्याच्या त्या दिवसापासून हिशेब धरून चालला होता, तेल बदलायचा धरतो तसाच. तीन दिवस मी बाहेर. येणारेजाणारे वाट थोडी वाकडी करून जात. तेलवाल्यानं मला मडम म्हणणं सोडलं, आता तो ताई म्हणायचा आणि खालच्या आवाजात बोलायचा. त्यात चेष्टा नव्हती. चेष्टा असती तर मला सोपं गेलं असतं.

माझे दिवस मात्र त्याच्या हिशेबानं येत नसत. कधी आधी, कधी नंतर. तसं सांगायचं तर पुन्हा बोलावं लागलं असतं, म्हणून तो म्हणेल तेव्हा मी ओट्यावर बसायची, कोरडी, ठणठणीत, आणि माणसं डोळे खाली घालून जायची. माझे खरे दिवस यायचे तेव्हा मी आत असायची, इंजिनात कोपरापर्यंत हात घालून. पहिल्या वेळी मी प्रत्येक नट दोनदा आवळून बघितला. इंजिन सुरू केलं तेव्हा मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि आवाज ऐकत राहिले. ते नेहमीसारखंच चाललं. मिस्त्रीनं माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे काम बरं झालं होतं. मी डोळे खाली घातले.

त्या संध्याकाळी मी घरी मागच्या खोलीत वेगळ्या पानावर जेवत होते. आईनं लांबूनच भाकरी पानात टाकली आणि विचारलं, "कामावर सांगितलंस ना?"

"त्यांना माहीत आहे," मी म्हणाले.

"मग काय म्हणतात?"

"बाहेर बसवतात. फार सांभाळून घेतात."

"चांगली माणसं आहेत हो," आई म्हणाली, आणि मला आणखी वरण हवं का ते विचारून आत गेली.