पदराखालचा हात

रंगात मिसळायच्या जवसाच्या तेलाचा वास आला की मला आत्या आठवते. मी बडोद्यात पोर्ट्रेट रंगवायला शिकत होते, तेव्हा ती प्रतापनगरच्या आमच्या घरी दोन्ही हात मांडीवर ठेवून माझ्यासमोर दुपारभर बसायची. उजव्या हाताची दोन बोटं शहरातल्याच गोरवा भागातल्या कारखान्यात यंत्राखाली गेली होती. तुटलेली ती बोटं मला काही केल्या जमेनात, म्हणून शेवटी मी तो हात पदराखाली रंगवला. चित्र पाहून ती म्हणाली, "बहु सरस! हात झाकलास तेही बरं केलंस गं. बघवत नाही तो कुणाला." जमत नव्हता म्हणून झाकला, हे सांगायला माझी जीभच रेटली नाही. त्या दिवसापासून ती माझ्यासमोरही तो हात पदराखाली घेऊ लागली. आता मला कुठलाही हात रंगवता येतो. तिचा मात्र पुन्हा कधी दिसलाच नाही.