पट्टीखालची सासू

“बेन, आ सासूने हवे घेर मोकलो,” आमच्या चॅनेलचे मालक जिग्नेशभाई म्हणाले. सासू म्हणजे ‘सासूनी शिफ्ट’, यंत्रमागांवर राबणाऱ्या खानदेशी कामगारांसाठीची आमची अहिराणी कॉमेडी. घरी पाठवा, म्हणजे बंद करा.

सुरतेतल्या या लोकल केबल चॅनेलवर मी एडिटर आहे. प्रोमो बनवणं आणि मालकांची समजूत काढणं हेही माझ्याच गळ्यात. मोठ्या चॅनेलांकडे रेटिंग मोजायला मशीन असतं, आमच्याकडे मिस्ड कॉल. ‘आवडलं तर कॉल द्या’ असं शेवटी सांगायचं आणि वाट बघायची. पूर्वी आमचा फोन तापायचा. लग्नसराई सुरू झाल्यापासून कॉल बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

सासूचं काम करणाऱ्या वत्सलाबाई डिंडोलीत राहतात. उभा जन्म लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या शेडमध्ये गेलेला. त्यांना बातमी सांगितली तर म्हणाल्या, “शिफ्ट बंद व्हयनी ते मी परत नुसती डोकरी.” मला फार वाईट वाटलं.

मग मी मालिका वाचवायला कंबर कसली. जिग्नेशभाईंना मातृभाषेवर भाषण दिलं. त्यांनी जांभई दिली. विनोदामागे हसण्याचे आवाज टाकले. वत्सलाबाईंना बजावलं, “एवढं तोंड वेडंवाकडं करू नका, ओव्हरअ‍ॅक्टिंग वाटतं.” कॉल आणखी घटले. मालकांनी शनिवारपर्यंत मुदत दिली. “कोई जोतुं होय तो प्रूफ लावो.”

कुणी बघतं याचा पुरावा शोधायला मी बमरोलीतल्या एका खानावळीत गेले. दुपारी तिथे रिपीट एपिसोड लागतो. भिंतीपलीकडे खातं, त्याचा एवढा खडखडाट, की टीव्हीचा आवाज बंदच ठेवलेला. म्हणजे माझे हसण्याचे आवाज इथे कुणी ऐकलेच नव्हते! ताटावर बसलेले कामगार एकदा स्क्रीनकडे बघत आणि पुन्हा वरणात भाकरी चुरत.

शेजारी भगवानभाऊ नावाचे जुने कारागीर होते. त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, “आवडत नाही का?”

“ताई, तोंडच दखास नई, मंग हासानं कसाले?” ते म्हणाले. “मन्हा कान खातामा गयात. ओठ दखीसन समजस.”

मी स्क्रीनकडे पाहिलं. वत्सलाबाईंचे डोळे दिसत होते, नाक दिसत होतं. त्याखाली साड्यांच्या सेलची पिवळीधमक पट्टी. लग्नसराईत मालकांनी ती दुप्पट उंच करायला सांगितली होती आणि ती लावली होती मी, स्वतःच्या हाताने. खात्यात कानाचा उपयोग नसतो, माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. वत्सलाबाई तशाच बोलत, प्रत्येक शब्द तोंडाने कोरून. त्यालाच मी ओव्हरअ‍ॅक्टिंग म्हणत होते.

जिग्नेशभाईंना हे सांगून पटणार नव्हतं. त्यांचा स्वतःचा ‘मालकांचा संदेश’ दर आठवड्याला असतो. त्यांच्या तोंडावर तीच पट्टी बसवली, आवाज बंद केला आणि त्यांना दाखवला.

“अरे, आमां हुं शुं बोलुं छुं ए ज खबर नथी पडती!”

“सासू काय बोलते ते लोकांनाही नाही कळत, भाई.”

पट्टी वर गेली, वत्सलाबाईंच्या अंबाड्यावर. शनिवारी फोन पुन्हा तापला. मालिका चालू राहिली. पट्टी वर नेण्याची कल्पना आपलीच, असं जिग्नेशभाई आता सगळ्यांना सांगतात. साडीवाला मात्र तक्रार करतो, की वरची पट्टी कुणी वाचत नाही. खाली असतानाही वाचत नव्हते, फक्त शिव्या देत होते, हे मी त्याला सांगितलेलं नाही.

माझ्यापुरता धडा एवढाच, की कार्यक्रम पडला तर आधी त्यावर आपण काय चिकटवलंय ते बघावं. नंतर भाषणं द्यावीत.

पुढच्या रिपीटला मी वत्सलाबाईंना त्या खानावळीत घेऊन गेले आणि सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आवाज न करता नुसते ओठ हलवले. अख्खी खानावळ हसून लोळली. त्या काय म्हणाल्या, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.