कुकरच्या शिट्ट्यांचं पेटंट

बेंगळुरूत मारतहळ्ळीच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी घरून काम करतो, म्हणजे कानाला हेडफोन लावून बसतो आणि डाळ करपवतो. शिट्ट्या मोजायचं काम बायकोनं माझ्याकडे दिलेलं. ते जमेना, म्हणून मी एक प्रोग्राम लिहिला: ओट्यावरचा जुना फोन कुकरच्या शिट्ट्या मोजणार आणि तिसरीला माझ्या हेडफोनमध्ये घंटी वाजवणार. वर तो ओपन सोर्स केला. कोणीही फुकट घ्यावा, उघडून बघावा, सुधारावा. नोकरीत मी आजवर जे लिहिलं ते कोणी वापरल्याचं माझ्या ऐकिवात नाही. हा मात्र कोरमंगलाच्या पीजींमधली पोरं वापरू लागली, आणि एक जर्मन गृहस्थ तर दुरुस्त्याही पाठवू लागला. राजमा शिजवणारा जर्मन. मी घरात जरा ताठ चालू लागलो.

मग अमेरिकेतल्या एका कंपनीच्या वकिलाची मेल आली. स्वयंपाकाच्या भांड्याचे आवाज यंत्रानं मोजून माणसाला कळवणे, या पद्धतीचं पेटंट म्हणे त्यांच्याकडे होतं. प्रोग्राम काढून टाका, नाहीतर कोर्टात या.

"आपल्याकडे नुसत्या सॉफ्टवेअरला पेटंट देत नाहीत," मी बायकोला सांगितलं.

"मग चेहरा का असा?"

"प्रोग्राम ठेवलाय ती वेबसाइट तिकडची. ते तिथून उडवतील."

"एवढं काय त्यात. शिट्ट्या तर मोजायच्या. मी झोपेतसुद्धा मोजते."

तिथेच मला सुचलं. पेटंट यंत्रानं मोजण्यावर होतं. बायकोनं मोजण्यावर नव्हतं.

नव्या आवृत्तीत फोन कुकरकडे साफ दुर्लक्ष करतो. शिट्ट्या बायको मोजते आणि आतल्या खोलीतून ओरडते, "अहो, गॅस बंद करा." फोन ते वाक्य ओळखतो आणि मला घंटी देतो. ओपन सोर्सच्या रिवाजाप्रमाणे तिचा आवाज मी चाचणीसाठी जगाला खुला केला. जर्मन गृहस्थाला बायको नाही, म्हणून तो स्वतःच ओरडायचा सराव करू लागला. त्याची तक्रार आली, की त्याचं 'अहो' फोनला पटत नाही. मी ऐकलं. उच्चार चोख होता, वैताग कमी पडत होता.

वकिलानं कळवलं, मोजणारं यंत्र नसेल तर त्यांची हरकत नाही. प्रोग्राम वाचला. मी मेल बायकोला वाचून दाखवली.

"म्हणजे परत मीच मोजायच्या," ती म्हणाली.

"तू आता प्रोग्रामचा भाग आहेस."

"हो का? मग हा भाग चालला बेळगावला, माहेरी."

आणि गेली की.

दुसऱ्या दिवशी मी वरणाचा कुकर लावला, हेडफोन बाजूला ठेवला, ओट्याशी उभं राहून शिट्ट्या मोजल्या आणि तिसरीला फोनला म्हणालो, "अहो, गॅस बंद करा." फोन ढिम्म. पुन्हा म्हणालो. मग ओरडलो. गॅस हाताशी होता, पण चाचणी पूर्ण व्हायला नको?

दार वाजलं. शेजारच्या अक्का, बेंगळुरूत पिढ्या गेलेल्या मराठी घरातल्या.

"स्वल्प हळू, अण्णा. घरात कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग 'अहो' कोणाला?"

मी पेटंटपासून सांगायला सुरुवात केली. त्यांनी नाक वर केलं.

"अहो, गॅस बंद करा आधी. वास येतोय."

हेडफोनमध्ये बारीक घंटी वाजली.

डाळ गेली. पण नवी आवृत्ती शेजारणीवरही चालते, हे मी जर्मन गृहस्थाला लगेच कळवलं.